युनियन त्यांची, पगारवाढ आपली

२०२३ च्या नोव्हेंबरात टोयोटाने आपल्या अमेरिकेतल्या कारखान्यांत पगारवाढ जाहीर केली. असेंब्ली लाइनवर सगळ्यात वरच्या दराने काम करणाऱ्यांचा ताशी दर साधारण ९ टक्क्यांनी वाढला. नव्याने लागलेल्या माणसाला त्या दरापर्यंत पोचायला आठ वर्षं लागायची, ती चारवर आली. या कामगारांनी संप केला नव्हता. करायचा म्हटलं असतं तरी तो पुकारणार कोण, त्यांच्याकडे युनियनच नव्हती.

संप झाला होता तो शेजारी. १५ सप्टेंबरला युनायटेड ऑटो वर्कर्स (यूएडब्ल्यू) या युनियनने जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलँटिस या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संपाला सुरुवात केली. सहा आठवडे तो चालला. ऑक्टोबरअखेर करार झाले तेव्हा एप्रिल २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने २५ टक्के वाढ आणि २००९ साली सोडून द्यावा लागलेला महागाई भत्ता, एवढं कामगारांच्या पदरात पडलं. त्या करारांची शाई वाळायच्या आत टोयोटाची घोषणा आली. पाठोपाठ होंडाने ११ टक्के दिले, ह्युंदाईने २०२८ पर्यंत २५ टक्के देऊ म्हणून सांगितलं. या कारखान्यांतही युनियन नाही. युनियनचे अध्यक्ष शॉन फेन यांनी टोयोटाच्या वाढीवर कोटी केली: यूएडब्ल्यू म्हणजे 'यू आर वेलकम'.

उसाला पाणी सोडलं की बांधावरच्या एरंडालाही ते मिळतं. सभासद नसलेल्या कामगाराच्या पगाराचं बरंचसं असंच असतं. वर्गणी दुसऱ्याने भरली, संपात पगार दुसऱ्याचा बुडाला, आणि वाढ मात्र यालाही मिळाली. पण मग पाट आटतो तेव्हा काय होतं? ऊस वाळलेला सगळ्यांना दिसतो. एरंडाची नोंद कोण ठेवतं?

अमेरिकेत हा पाट गेली सत्तर वर्षं आटतोय. १९५० च्या दशकाच्या मध्याला तिथला साधारण दर तिसरा कामगार युनियनचा सभासद होता. १९८३ साली हे प्रमाण २०.१ टक्के होतं, २०२४ साली ९.९ टक्के. त्यातही सरकारी नोकरांत अजून साधारण तिघांत एक सभासद सापडतो. फक्त खासगी क्षेत्र बघितलं तर आकडा ५.९ टक्के. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव जण युनियनबाहेर. युनियनच्या ऱ्हासाची गोष्ट सांगताना आपण नेहमी त्या सहा जणांबद्दल बोलतो, आणि हा लेख चौऱ्याण्णव जणांबद्दल आहे.

मालकाच्या टेबलावरचं गणित

युनियन नसलेला मालक शेजारच्या करारामुळे आपल्याकडे पगार का वाढवतो? दानत म्हणून नक्कीच नाही. अर्थतज्ज्ञ याला 'थ्रेट इफेक्ट' म्हणतात. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे: धाक.

अमेरिकेत एखाद्या कारखान्यात युनियन आणायची तर आधी किमान ३० टक्के कामगारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. मग राष्ट्रीय कामगार संबंध मंडळ गुप्त मतदान घेतं, आणि मतं देणाऱ्यांत बहुमत मिळालं तर युनियनला मान्यता मिळते. हा सगळा जिना मालकालाही पाठ असतो. पहिल्या पायरीवर कोणी पाय ठेवू नये याची तजवीज तो करतो. त्यातला एक मार्ग धमकावण्याचा आणि दुसरा पगार वाढवण्याचा. बहुतेक ठिकाणी दोन्ही थोडेथोडे वापरतात.

आकडे घालून बघू. हे आकडे माझे, निव्वळ समजण्यापुरते. एका कारखान्यात ५०० कामगार आहेत आणि प्रत्येक जण वर्षाला २,००० तास काम करतो. ताशी १ डॉलर वाढवला तर मालकाला वर्षाला १० लाख डॉलर खर्च येतो. युनियन आली तर ती ताशी ३ डॉलर वाढवून घेईल, म्हणजे ३० लाख. शिवाय सेवाज्येष्ठतेचे नियम, तक्रार निवारणाची पद्धत, शिफ्ट बदलायची तर आधी चर्चा, ही डोकेदुखी वेगळी. आता युनियन येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल तर मालकाच्या डोक्यावर सरासरी १५ लाखांची टांगती तलवार आहे. ताशी एक डॉलर देऊन कामगार खूश राहत असतील आणि ही तलवार उतरत असेल तर दहा लाखांचा हा विम्याचा हप्ता स्वस्तच पडला.

हीच शक्यता शंभरात पाच एवढीच उरली तर? टांगती तलवार दीड लाखाची. त्यासाठी दहा लाख कोण मोजेल? हप्ता बंद.

या गणितातली खरी गोम बघा. युनियनची सभासदसंख्या हळूहळू घटते, पण धाक तसा हळूहळू घटत नाही. एका मर्यादेपर्यंत मालक हप्ता भरत राहतो, आणि ती मर्यादा ओलांडली की हात आखडतो. त्या दिवशी कोणाचाही पगार कापला जात नाही. पगारस्लिपवर काहीच बदलत नाही. फक्त पुढच्या वर्षी जी वाढ झाली असती ती होत नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही होत नाही. न झालेल्या वाढीचं पत्र कोणाच्या हातात पडत नाही, म्हणून तिच्याबद्दल भांडणही होत नाही.

हप्ता भरण्याची ही रीत जुनी आहे. कोडॅकमध्ये १९१२ पासून कामगारांना नफ्याशी जोडलेली वार्षिक रक्कम, 'वेज डिव्हिडंड', मिळायची. पुढे आजूबाजूच्या उद्योगांत युनियन बळावल्या तरी कोडॅक त्यांच्यापासून दूर राहिली. अशा कंपन्यांकडे बोट दाखवून 'चांगल्या मालकाला युनियनची गरजच काय' असं म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. मात्र चांगुलपणाला शेजारच्या गेटवरच्या लाल फलकांचाही हातभार असतो, एवढं त्यात जोडायला हवं.

बाजारभाव ठरतो कसा

धाक हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता जास्त सभ्य आहे आणि कमी दिसतो. माझ्या मते त्याच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही.

मोठ्या कंपनीत पगार ठरवणारा माणूस वर्षातून एकदा एक तक्ता उघडतो. आपल्या पट्ट्यातल्या इतर कंपन्या त्याच कामाला काय देतात, याचा तो तक्ता. धोरण बहुधा असं की 'आपण मधल्या दराला देऊ'. सगळे दर चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला धरायचा. समजा पट्ट्यात नऊ कंपन्या आहेत. पाचांत युनियन आहे आणि तिथला दर ताशी ३० डॉलर, उरलेल्या चारांत २६. मधला, म्हणजे पाचवा दर ३० येतो. दहावी कंपनी, जिने युनियनचं तोंडही पाहिलेलं नाही, तीही निमूट ३० देते आणि याला बाजारभाव म्हणते.

आता पाचांतल्या एकाच कंपनीतली युनियन मोडली आणि तिथे दर २६ वर आला. रांगेत आता २६ वाले पाच झाले. मधला दर २६. दहाव्या कंपनीतल्या बाईंनी नेहमीसारखाच तक्ता उघडला, नेहमीचंच धोरण लावलं, आणि नव्याने भरती होणाऱ्याला २६ चं पत्र दिलं. तिथे कुणी दुष्टपणा केला नाही, कुणी युनियनचं नावही घेतलं नाही. हे उदाहरण मी मुद्दाम काठावरचं घेतलं आहे, खऱ्या तक्त्यात दर इतके धाडकन पडत नाहीत. सरकण्याची दिशा मात्र हीच असते.

तक्त्याच्या मागे आणखी एक गोष्ट असते: रास्त काय, याची लोकांच्या मनातली कल्पना. १९५० साली जनरल मोटर्स आणि यूएडब्ल्यू यांच्यात पाच वर्षांचा करार झाला. वॉल्टर रुथर तेव्हा युनियनचे अध्यक्ष होते. महागाईप्रमाणे वाढणारा पगार, पेन्शन, आरोग्य विमा हे सगळं त्यात होतं. 'डेट्रॉइटचा तह' असंच त्याला नाव पडलं. पुढची पंचवीसेक वर्षं हा करार इतरांसाठी फूटपट्टी होता. मोठ्या कंपनीत पेन्शन असायचीच, महागाई वाढली की पगार वाढायचाच, हे गृहीत धरलं जाऊ लागलं, जिथे करार नव्हता तिथेसुद्धा. ब्रूस वेस्टर्न आणि जेक रोझेनफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी २०११ च्या आपल्या अभ्यासात नेमकं हेच मांडलं की युनियन आपल्या सभासदांच्या पगाराबरोबर रास्तपणाचे संकेतही राखत होती. १९७३ ते २००७ या काळात तिथल्या ताशी पगारांतली विषमता ४० टक्क्यांहून जास्त वाढली. या वाढीचा पाचवा ते तिसरा हिस्सा युनियनच्या ऱ्हासाने समजावता येतो, असं त्यांचं अनुमान आहे.

संकेत बदलल्याचा एक दिवस सांगता येतो. ऑगस्ट १९८१ मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांनी संप केला आणि राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११ हजारांहून जास्त जणांना एका फटक्यात काढून टाकलं. ते सरकारी नोकर होते, त्यांचा संप कायद्याने बेकायदेशीर होता. पण संदेश खासगी मालकांपर्यंतही पोचला: संपकऱ्यांना कायमचं घरी पाठवलं तरी आकाश कोसळत नाही. अमेरिकेत हजाराहून जास्त कामगारांचे संप १९७४ साली ४२४ झाले होते. २००९ साली ते फक्त ५ झाले.

कायद्याच्या वाटेने

तिसरा रस्ता कायद्याचा. अमेरिकेत १९३१ पासून डेव्हिस-बेकन कायदा आहे. केंद्र सरकारच्या पैशाने बांधकाम होत असेल तर ठेकेदाराने त्या भागात चालू असलेला दर द्यायचा, असं तो सांगतो. चालू दर काढायचा कसा? बरीच वर्षं नियम असा होता की निम्म्याहून जास्त मजुरांना एकच दर मिळत नसेल, तर किमान ३० टक्के मजुरांना मिळणारा दर हाच चालू दर धरायचा. आता बघा, करारातला दर सगळ्यांना पै-पैशापर्यंत सारखा असतो आणि बिगर-युनियन दर दहा ठिकाणी दहा असतात. त्यामुळे तीस टक्के मजूर युनियनचे असले की युनियनचाच दर लागू व्हायचा, आणि उरलेल्या सत्तर टक्क्यांनाही सरकारी कामावर तोच मिळायचा. १९८० च्या दशकात ही अट ५० टक्के झाली, तेवढे नसतील तर सरासरी. २०२३ साली ३० चा नियम परत आला. सुतारकाम करणाऱ्या ज्या माणसाने कधी युनियनचं कार्ड खिशात ठेवलं नाही, त्याचा ताशी दर शेजारचे किती सुतार सभासद आहेत यावर ठरत होता, आणि ठरतो. याहून सरळ उदाहरण मला सापडलं नाही.

किमान वेतनाचं थोडक्यात. केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडकलेलं आहे. युनियनच्या सभासदाला त्याने फारसा फरक पडत नाही, त्याचा दर आधीच त्याच्या वर असतो. तरीही ते वाढवण्यासाठी पैसा आणि माणसं लावणाऱ्यांत युनियनच पुढे असतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या फास्ट फूडच्या दुकानांतले कामगार पंधरा डॉलरच्या मागणीसाठी काम सोडून रस्त्यावर आले, त्यांच्या पाठीशी सेवा क्षेत्रातली मोठी युनियन एसईआययू होती. ते तिचे सभासद नव्हते. पुढे २०१६ साली कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी पंधरा डॉलरकडे नेणारे कायदे केले. युनियनची तिजोरी आटली की अशा लढ्यांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न उरतो.

पण उलटंही होऊ शकतं ना?

होऊ शकतं, आणि हा आक्षेप हलका नाही. मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांचं म्हणणं होतं की बळकट युनियन आपल्या सभासदांना जे मिळवून देते ते मुख्यतः इतर कामगारांच्या खिशातून येतं. युक्तिवाद असा: युनियनने दर वाढवला की ती कंपनी कमी माणसं घेते. ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते बिगर-युनियन कंपन्यांच्या दारात जातात. तिथे हात जास्त आणि कामं कमी, म्हणून दर पडतो. या हिशोबाने युनियन संपली तर बाहेरच्यांचा पगार वाढायला हवा.

दोन्ही बळं एकाच वेळी काम करतात, एक वर ओढतं, एक खाली. कोणतं जास्त, हे तर्काने सुटत नाही, आकडेच बघावे लागतात. आणि चाळीस वर्षांत खासगी क्षेत्रातली युनियन जवळजवळ नाहीशी झाली तरी बाहेरच्या कमी शिकलेल्या कामगारांना सुगीचे दिवस आले, असं काही दिसलं नाही.

या प्रश्नावरचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा जेक रोझेनफेल्ड, पॅट्रिक डेनिस आणि जेनिफर लेअर्ड यांच्या २०१६ च्या अभ्यासातला आहे. १९७९ ते २०१३ या काळात खासगी क्षेत्रातल्या पुरुषांत सभासदांचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून ११ वर आलं, स्त्रियांत १६ वरून ६ वर. अभ्यासकांनी प्रश्न असा घातला: सभासदांचं प्रमाण १९७९ इतकंच राहिलं असतं तर सभासद नसलेल्यांना २०१३ मध्ये किती मिळालं असतं? उत्तर आलं, पुरुषांना ५ टक्के जास्त, म्हणजे आठवड्याला ५२ डॉलर, वर्षभर काम करणाऱ्याला २,७०४ डॉलर. कॉलेजची पदवी नसलेल्या पुरुषांना ८ टक्के जास्त. स्त्रियांना २ ते ३ टक्के. स्त्रियांचा आकडा लहान, कारण खासगी क्षेत्रात त्यांच्या वाट्याला युनियनचं पाणी मुळातच कमी आलं होतं.

आता मिठाचा खडा. हा अभ्यास ज्या संस्थेने प्रसिद्ध केला ती इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट कामगारांच्या बाजूला झुकलेली आहे आणि तिला युनियनकडूनही देणग्या मिळतात. म्हणून आकडा खोटा ठरत नाही, पण वाचताना माहीत असावं. दुसरी अडचण जास्त खोल आहे. कारखाना बंद पडतो तेव्हा युनियन जाते आणि त्याच वेळी परिसरातली कामंही जातात. पगार पडला तो धाक गेल्यामुळे की मागणी गेल्यामुळे? अभ्यासकांनी उद्योग, प्रदेश, शिक्षण, वय असे फरक हिशोबात धरले आहेत, तरी हे दोन धागे पूर्ण सुटे करणं कठीण. आयात वाढली, यंत्रं आली, तेही याच काळात. मी तो पाच टक्क्यांचा आकडा दशांशापर्यंत धरून बसणार नाही. पण पाच चुकून तीन निघाला तरी ज्या माणसाच्या महिन्याला काही उरत नाही त्याला तीन टक्के म्हणजे थोडे नाहीत.

सभासद कमी म्हणजे सगळीकडे हेच होतं का? नाही. फ्रान्समध्ये साधारण दहांत एकच कामगार सभासद आहे, तरीही नव्वद टक्क्यांहून जास्त कामगारांचे पगार सामूहिक करारांनी ठरतात. तिथे एका उद्योगापुरता झालेला करार सरकार त्या उद्योगातल्या सगळ्यांना लागू करू शकतं. पाणी एरंडापर्यंत नेण्यासाठी तिथे कायद्याने पाइप टाकला आहे. अमेरिकेत करार ज्या त्या कारखान्यापुरता किंवा कंपनीपुरता. भिंतीपलीकडे जे पोचतं ते झिरपून, धाकाच्या आणि संकेतांच्या वाटेने. म्हणून सभासदसंख्येतली घट तिथे बाहेरच्यांना जास्त लागते. आणि म्हणूनच २०२३ ची ती वाढ मोटार उद्योगात दिसली, जिथे युनियन अजून शिल्लक आणि खमकी आहे. मालाची गोदामं, किरकोळ दुकानं, कॉल सेंटरं अशा ठिकाणी शेजारी बघावं असा करारच फारसा नाही.

त्या संपानंतर यूएडब्ल्यूने दक्षिणेकडच्या बिगर-युनियन कारखान्यांकडे मोर्चा वळवला. एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतल्या चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात मतदान झालं. २०१४ आणि २०१९ मध्ये तिथे युनियन हरली होती, या वेळी ७३ टक्के मतं घेऊन जिंकली. पुढच्याच महिन्यात अलाबामातल्या मर्सिडीजच्या कारखान्यात मतदान झालं आणि तिथे ५६ टक्के कामगारांनी युनियन नको म्हटलं. पण मतदानाच्या आधीच्या महिन्यांत मर्सिडीजने वरचा दर वाढवला होता, आणि नव्या कामगारांना जुन्यांपेक्षा कमी देणारी दुहेरी पगारश्रेणीही रद्द केली होती. मतपेट्या उघडल्या, युनियन हरली, आणि वाढलेला दर घेऊन सगळे दुसऱ्या दिवशी कामावर आले. विरोधात मत दिलेलेही.